सिस्टरची गाडी बंद का पडते

टोचन करून आणलेल्या गाडीचं मिस्त्रीला कधी काही वाटलं नाही. मेलेली गाडी सरळ असते. ती काही लपवत नाही, जिथं हात लावाल तिथं बोलते. त्याला धास्ती होती ती चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीची. रस्त्यावर जीव सोडायचा आणि गॅरेजच्या दारात आलं की शहाण्यासारखं गुरगुरत उभं राहायचं! रात्रभर पोट धरून रडलेलं पोर डॉक्टरच्या पुढ्यात नेलं की खुदकन हसतं ना, तशातली गत. अशा वेळी आईबापाचं तोंड बघण्यासारखं होतं. मिस्त्रीचंही व्हायचं.

सिस्टरची बारा वर्षं जुनी पांढरी गाडी अशीच होती. महिन्यात तिसऱ्यांदा आली.

सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन दुखणाईतांचं बघणारी नर्स. पन्नाशीची, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की ग्राइंडर चालू असला तरी ऐकू यावा. टेकडीवरची अकरा घरं तिच्याकडे होती. अकराही घरांत माणूस एकटंच, आणि अंथरुणाला खिळलेलं नाहीतर खिळायच्या बेतात. कुणाला सुई टोचायची, कुणाची जखम धुवायची, कुणाला नुसतं कुशीवर वळवायचं. सकाळी आठला पायथ्याशी सुरुवात आणि दुपारी एकपर्यंत वरचं शेवटचं घर, अशी तिची फेरी.

"मिस्त्री, परत पडली," ती दारातूनच म्हणाली.

"कुठं?"

"तिसऱ्या वळणाच्या वर. मागं खडीचा ट्रक. स्टेअरिंग असं झालं की कुणी आत सिमेंट ओतलंय. ब्रेकचा दगड झालेला. ट्रकवाल्यानं कशी बाजू काढली त्याचं त्याला ठाऊक. वर मलाच शिव्या देऊन गेला."

"मग?"

"मग काय! चावी मागं फिरवली, पुढं फिरवली, झाली चालू. जसं काही घडलंच नाही. एवढा राग आला म्हणून सांगू, एक थोबाडीत द्यावीशी वाटली."

"कुणाच्या? ट्रकवाल्याच्या?"

"गाडीच्या! आणि नंतर तुमच्या."

मिस्त्री कान खाजवत उभा राहिला. साठी उलटलेला, पोट सुटलेलं, सहसा कुणाचं ऐकून न घेणारा माणूस. पण आज त्यानं ऐकून घेतलं. पहिल्या खेपेला त्यानं पेट्रोलचा फिल्टर बदलला होता. दुसऱ्या खेपेला पंप बदलला, प्लग बदलले, कॉइल बदलली, टाकी उतरवून आतून धुतली. स्कॅनर लावला तर पडद्यावर एकच ओळ यायची, दोष आढळला नाही. दोन्ही खेपांना तो स्वतः गाडी घेऊन टेकडी चढला, उतरला, परत चढला. मागच्या सीटवर वाळूची पोती टाकून चढला. मुद्दाम खड्ड्यांतून घातली. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

म्हणून मागच्या वेळेला त्यानं एक चूक केली होती. "सिस्टर, राग मानू नका," तो म्हणाला होता, "पण क्लच लवकर सुटत असेल तुमच्याकडून."

"बावीस वर्षं चालवतेय," सिस्टर म्हणाली होती. "क्लचनं पडली तर गचका बसतो, एवढं मलाही कळतं. ही गचका देत नाही. दिवा फुंकावा तशी जाते."

मिस्त्रीनं ते वाक्य ऐकून सोडून दिलं होतं. आता त्याला त्याची लाज वाटत होती. दिवा फुंकावा तशी. इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं भेटतं आणि आपण त्यालाच क्लच शिकवतो!

या खेपेला तिनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"आमच्या आरोग्य केंद्रातल्या साहेबांनी दिलाय. गाडीचा दोष सापडला, दुरुस्त झाला, गाडी टेकडीला चालेल, असं लिहून सही हवी तुमची. सोमवारच्या आत."

"नाही दिली तर?"

"तर टेकडी बंद. दुसरी गाडी नाही त्यांच्याकडे. अकराही जणांना वॉर्डात हलवणार म्हणतात." सिस्टरचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मिस्त्री, गेल्या मंगळवारी गाडी इथं होती, मी वरच्या बाईंकडे पायी तीन तास उशिरा पोचले. त्यांची कमरेखालची बाजू गेलीय. तीन तास ओल्यात पडून होत्या. मी दार उघडलं तर काय म्हणाल्या माहितेय? म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही जेवलात का?"

कोपऱ्यात ग्राइंडर चालवणाऱ्या पोऱ्यानंही ग्राइंडर बंद केला.

आता टेबलापलीकडे बसली होती ती मालकीणबाई, म्हणजे मिस्त्रीची बायको. गॅरेज मिस्त्रीचं असलं तरी शिस्त तिची. गाडी आली की चावी ती घ्यायची, पण चावी म्हणजे फक्त गाडीची. टेबलावर पाटीच होती: गाडीची चावी द्या, बाकीचा संसार घरी न्या. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडे चोरी झाली आणि त्याच्या घराची चावी नेमकी दोन दिवस गॅरेजातल्या खिळ्याला लटकत होती. चोर भलताच निघाला. पण तो सापडेपर्यंत अडीच महिने लोक मिस्त्रीकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मालकीणबाई विसरली नव्हती. तेव्हापासून कितीही ओळखीचं माणूस असो, ती केसांतला आकडा काढायची, जुडग्याच्या कडीत घालायची, गाडीची चावी तेवढी सुटी करायची आणि बाकीचा जुडगा ज्याचा त्याला परत. सिस्टरचाही तसाच परत केला होता, तिन्ही वेळा.

"अहो, करून टाका ना सही," सिस्टर बाहेर तोंडावर पाणी मारायला गेली तशी मालकीणबाई म्हणाली. "तीन तीन दिवस हिंडवलीत गाडी. पडली का एकदा तरी? गरीब बाई आहे, तिचं अडलंय."

"अगं, न सापडलेल्या दुखण्यावर बरं झालं म्हणून सही करू? उद्या ती ट्रकखाली गेली म्हणजे?"

"शुभ बोला जरा."

"शुभ बोलून इंजिन चालत नाही."

तो कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर जाऊन सिस्टरला सांगितलं, "उद्या शनिवार. मी येतो तुमच्या फेरीला. गाडी तुम्ही चालवायची, नेहमी चालवता तश्शीच. मी शेजारी बसणार, तोंड मिटून."

"तोंड मिटून?" आतून मालकीणबाईचा आवाज आला. "सिस्टर, हे जमलं तर मला फोन करा."

*

शनिवारी सकाळी मिस्त्रीनं गाडीत दोन दिवे बसवले. चिमुकले, बोटाच्या पेराएवढे, एक लाल आणि एक हिरवा. लाल दिव्याची वायर पेट्रोलच्या पंपावर टाकली, हिरव्याची कॉइलवर. दोन्ही दिवे आपल्यासमोर डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं लावले.

"ही काय रोषणाई?" सिस्टरनं विचारलं.

"इंजिनाला दोन गोष्टी लागतात, पेट्रोल आणि ठिणगी. गाडी पडेल त्या क्षणी मी बघणार, आधी कोण विझतं. लाल विझला तर पेट्रोलकडचा चोर. हिरवा विझला तर ठिणगीकडचा. तोवर मी पापणी लवू देणार नाही."

"आणि दोन्ही जळत राहिले आणि गाडी पडली तर?"

"तर मी गॅरेज विकतो आणि तुमच्या पिशव्या उचलायला येतो."

मालकीणबाईनं खिळ्यावरची चावी काढून दिली. सिस्टरनं ती आपल्या जुडग्यात ओवली, गाडीत बसली, आणि दोघं निघाले.

पायथ्याचं पहिलं घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं. सिस्टर गाडी बंद करून जुडग्यासकट उतरली, दार उघडून आत गेली, दहा मिनिटांनी आली. मिस्त्री जागचा हलला नाही. दुसऱ्या घरी तसंच, तिसऱ्या घरीही तसंच. दिवे मजेत जळत होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. रस्त्याला पावलापावलावर खड्डा. गाडी आदळायची, मिस्त्रीचं पोट आदळायचं, दिवे जळत राहायचे.

"बोला काहीतरी," सिस्टर म्हणाली. "एवढी शांतता मला पेशंट गेल्यावरच ऐकायला मिळते."

"तोंड मिटायचं कबूल केलंय."

"मालकीणबाईंना सांगणार नाही मी."

"तिला सांगावं लागत नाही, कळतं."

तिसरं वळण आलं. वळणाच्या वर रस्त्याला एक आडवा चर होता, पाइप टाकून अर्धवट बुजवलेला. पुढची चाकं त्यात उतरली, वर आली.

आणि गाडी गेली.

गचका नाही, खोकला नाही, काही नाही. सिस्टर म्हणाली होती तश्शीच, दिवा फुंकावा तशी. एकदम इतकं शांत झालं की बाहेर टायरखालची खडी करकरलेली ऐकू आली. मिस्त्री समोर बघत होता. लाल दिवा विझला होता. हिरवाही विझला होता. एकाच क्षणी, दोघांनी मिळून ठरवल्यासारखे.

"हात नका लावू कशाला!" तो ओरडला. "हँडब्रेक ओढा फक्त. चावीला हात नाही!"

सिस्टरनं दोन्ही हात वर केले, जसं कुणी बंदूक रोखलीय. मिस्त्री धडपडत उतरला, मागच्या चाकाला दगड लावला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. दोन्ही एकदम कसे गेले? पेट्रोलचा रस्ता वेगळा, ठिणगीचा वेगळा. दोन वेगवेगळ्या नळांचं पाणी एकदम गेलं, तर नळ बघत बसायचं नाही, जिथून दोन्ही नळ निघतात तिथं जायचं. दोन्ही निघतात चावीपासून. पण चावीच्या मागचा स्विच त्यानं गॅरेजात तपासला होता. एकदा नाही, दोनदा. चावी हलवून बघितली होती, वर ठोकून बघितलं होतं.

तो फेरी मारून सिस्टरच्या खिडकीशी आला आणि वाकला. आणि त्याला तो जुडगा दिसला.

आजवर त्यानं तो बघितलाच नव्हता. तिन्ही खेपांना टेबलावरच वेगळा झाला होता, आणि आज सकाळपासून त्याचे डोळे दोन दिव्यांना चिकटलेले. चावीच्या खाली तो लोंबकळत होता, एखादं वटवाघूळ उलटं टांगलेलं असावं तसा. चराच्या धक्क्यानं अजून हलत होता. पितळेच्या चाव्या, लोखंडाच्या चाव्या, कुलपांच्या बोटभर लांब चाव्या, कशाला निळा दोरा, कशाला सदऱ्याचं बटण, कशाला नखांचा लाल रंग. हलता हलता तो शेवटचा एकदा इकडून तिकडे झुलला आणि थांबला. आणि मिस्त्रीनं बघितलं, गाडीची चावी आपल्या जागेवर नव्हती. फार नाही, जवभर. जवभर मागं सरकलेली.

त्यानं एक बोट पुढं केलं आणि चावीला खालून अलगद वर ढकललं.

टक्.

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. हिरवा लागला.

मिस्त्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चाळीस वर्षं त्यानं इंजिनं उघडली होती, पण असं कधी झालं नव्हतं. त्यानं बोट काढलं. जुडग्याला नखानं टिचकी मारली. जुडगा झुलला, चावी जवभर उतरली, दिवे गेले. बोट लावलं, दिवे आले. परत टिचकी. गेले. परत बोट. आले.

"मिस्त्री," सिस्टर दबल्या आवाजात म्हणाली, "काय चाललंय? देव बघितल्यासारखं तोंड झालंय तुमचं."

"बघा," तो म्हणाला. त्यानं पुन्हा टिचकी मारली. "बघा तुम्ही. बघा."

आता हे काय होतं ते ऐका. चावीच्या पाठीमागं एक स्विच असतो, आगपेटीच्या अर्ध्या आकाराचा. त्यात पितळेची एक जीभ असते. चावी पुढं फिरवली की जीभ एका खाचेत बसते, आणि ती तिथं बसलेली आहे तोवर गाडीत प्राण आहे. आता त्या चावीला कुणी बारा वर्षं, खड्ड्याखड्ड्यातून, अर्धा-पाऊण किलो वजन टांगून हिंडवलं, तर खाच झिजते. झिजली की जीभ बसते खरी, पण वजनाचा हिसका बसला की सटकते. सटकली की गाडीला वाटतं, सिस्टरनंच चावी फिरवली. ती आज्ञाधारकपणे गप्प बसते. तिच्या मते काही बिघडलेलंच नसतं, म्हणून तर स्कॅनरला काही सापडेना. मग सिस्टर चावी मागं घेऊन पुन्हा पुढं फिरवायची, जीभ खाचेत बसायची, गाडी चालू.

आणि गॅरेजात? गॅरेजात चावी एकटी. वजनच नाही, तर सटकणार कशी?

मिस्त्रीला हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खांदे, मग तो चक्क गाडीच्या टपाला धरून हसायला लागला. त्यानं फोन काढला.

"अगं, ऐक. गाडी आली की तू काय करतेस माहितेय का? दुखणं आकड्यानं काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतेस, आणि धडधाकट गाडी माझ्या गळ्यात घालतेस. आणि मी तीन तीन दिवस तिला विचारतोय, बाई गं, तुला काय होतंय?"

पलीकडून मालकीणबाई म्हणाली, "सापडलं?"

"सापडलं."

"रडताय का हसताय?"

"मला तरी कुठं कळतंय!"

फोन ठेवून त्यानं डोळे पुसले आणि मग पक्की खात्री करायला बसला. सिस्टरला उतरवलं. गाडीची चावी जुडग्यातून सुटी केली, लावली, आणि दाराच्या चौकटीवर उभा राहून आपल्या सगळ्या वजनानिशी गाडी अशी हलवली की स्प्रिंगा किरकिरल्या. दिवे ढिम्म. दहा वेळा हलवली. ढिम्म. मग जुडगा परत अडकवला आणि एकदाच हलवली. गेले दोन्ही.

"आता सुट्या चावीवर वर जाऊ," तो म्हणाला. "सुट्या चावीवर मी हिला तीन दिवस हाणलीय, पडत नाही. दुपारी खाली आलो की नवा स्विच टाकतो, अर्ध्या तासाचं काम. तुमचा कागद आणा इकडं. नाही, माझ्याच खिशात आहे."

बॉनेटवर कागद ठेवून त्यानं लिहिलं. शाळेत चौथीपुढं गेला नव्हता, त्यामुळं प्रत्येक अक्षर वेगळं वेगळं रोवल्यासारखं. दोष सापडला. चाव्यांच्या वजनानं स्विच झिजला. स्विच आजच बदलणार. गाडी टेकडीला चालेल. खाली सही.

सिस्टरनं कागद वाचला, घडी केली, पदराआड खोचावा तसा ब्लाउजात खोचला आणि तोंड फिरवून दरीकडे बघत उभी राहिली. मिस्त्रीनं उगाच टायरला लाथा मारल्या, हवा बघितल्यासारख्या.

*

राहिलेल्या फेरीत जुडगा मिस्त्रीच्या मांडीवर होता.

गाडी दारापाशी थांबली की सिस्टर हात पुढं करायची आणि न बघता सांगायची, "निळा दोरा." मिस्त्री शोधून द्यायचा. "बटणवाली." "दात तुटलेली." एका दाराला दोन कुलपं होती, तिथं आत एक जुना कंडक्टर राहायचा, पायाला न भरणारी जखम. तो आतूनच ओरडला, "आज उशीर का? तिकीट फाडू का दंडाचं?" आणि सिस्टर उलट ओरडली, "आधी पाय दाखवा, मग फाडा काय फाडायचं ते!"

मिस्त्री गाडीत बसून ऐकायचा. दार उघडायच्या आधीचं घर आणि उघडल्यानंतरचं घर यातला फरक त्याला रस्त्यावरूनसुद्धा कळत होता. आधी खिडकीत काहीच नसायचं. मग कुठं पडदा सरकायचा, कुठं भांडं वाजायचं, कुठं माणूस इतकं भरभर बोलायला लागायचं की जसं आदल्या दिवसापासून शब्द तोंडात धरून बसलं होतं. एका चावीनं हे होतं. तो मांडीवरच्या ढिगाकडं बघायचा. गाडीची चावी फिरवली की इंजिन चालू होतं, याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं. इथं त्याला वाटायला लागलं.

"सिस्टर," नवव्या घरानंतर तो म्हणाला, "घरं अकरा. मी आत्ता मोजल्या, चाव्या चौतीस आहेत."

सिस्टरनं गिअर टाकला. "बाकीची माणसं गेली."

"मग चाव्या?"

"घरचे कुणी मागायला आले नाहीत. आता माणसानं विश्वासानं दिलेली चावी टाकायची कुठं, सांगा? नाल्यात?"

मिस्त्रीनं जुडगा उचलून तळहातावर तोलला, मग दुसऱ्या हाताचाही आधार दिला. हे वजन बारा वर्षं त्या एवढ्याशा पितळेच्या जिभेनं पेललं होतं. झिजली त्यात काय नवल! न झिजता एवढे दिवस टिकली कशी, हे नवल. त्यानं आजवर हजारो झिजलेले भाग काढून कचऱ्यात टाकले होते. कशानं झिजले असं विचारलं असतं तर म्हणाला असता, वापरानं. वापर म्हणजे काय, हे आज तो मांडीवर घेऊन बसला होता.

शेवटचं घर अगदी वर. रस्ता जिथं संपतो तिथं. दीड वाजायला आला होता.

सिस्टरच्या एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्या हातात धुतलेल्या चादरींचं गाठोडं. "चला," ती म्हणाली, "चावी तुमच्याकडेच आहे. उघडा."

"मी?"

"का, गाड्यांचीच दारं उघडता का? लाकडी मणी बघा."

त्यानं लाकडी मणी असलेली चावी शोधली, कुलपात घातली, फिरवली. दार उघडल्याबरोबर आतून आवाज आला, बारीक पण ठणठणीत, पोरांना वळण लावून लावून धारदार झालेला. "सिस्टर, गाडीत शेजारी कोण होतं?"

खोली लहान होती. भिंतीला पलंग, पलंगाशी खिडकी, टेबलावर नळी घातलेला पेला आणि पुस्तकांची चळत. पलंगावर बाई होत्या, नुसता चेहरा आणि दोन हात म्हणाव्यात एवढ्याच. एके काळी शाळेत शिकवत. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. काल ज्या कुशीवर ठेवलं त्याच कुशीवर.

"हे मिस्त्री. गाडीवाले," सिस्टर म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"गाडी आज जड चढत होती. कुणीतरी चांगलं खातंपितं बसलेलं असणार."

मिस्त्रीनं पोट आत ओढलं.

"पायथ्यापासून ऐकते मी," बाई भिंतीलाच सांगत होत्या. "पहिल्या वळणावर गिअर बदलता तुम्ही. दुसऱ्यावर हॉर्न. आज तिसऱ्यावर आवाज गेला. मग मी मोजायला लागले. मंगळवारी मोजलं नव्हतं, म्हणून फार लांब वाटलं. आज म्हटलं मोजू. दोन हजार एकशे बारा झाले आणि परत सुरू झाली." त्या जरा थांबल्या. "मिस्त्री, मग ती बंद का पडते?"

चाळीस वर्षांत त्याला हा प्रश्न किती गिऱ्हाइकांनी विचारला असेल. उत्तर त्याच्या जिभेवर होतं, खाच, जीभ, वजन, सगळं. पण या बाई टेकडीच्या माथ्यावर पडल्या पडल्या, नुसत्या कानांनी, ते इंजिन त्याच्याआधी तपासत होत्या. त्याचे दोन दिवे आजचे. यांचं लक्ष रोजचं.

"आता नाही पडणार, बाई," तो म्हणाला. "सोमवारपासून मोजायची गरज नाही."

"म्हणजे सोमवारी येणार?"

"येणार," सिस्टर म्हणाली. एवढंच. मग नेहमीचा आवाज काढला. "मिस्त्री, उभे काय राहिलात? खांद्यापाशी धरा. यांना खिडकीकडं वळवायचंय. एकटीनं करताना माझी कंबर मोडते."

"हात काळे आहेत माझे."

"मग धुवा. साबण तिथं आहे."

त्यानं हात धुतले. एकदा धुतले, दोनदा धुतले, नखांतलं ऑइल जाईना म्हणून तिसऱ्यांदा घासले. मग पलंगाशी आला. सिस्टरनं दाखवलं तसा एक हात मानेखाली घातला, एक पाठीखाली. इंजिनाचं हेड उचलायची सवय असलेला माणूस, त्याच तयारीनं त्यानं श्वास घेतला, आणि तो श्वास तसाच राहिला. उचलायला काही नव्हतंच. गरम सदरा उचलावा एवढंच. आणि त्या एवढ्याशात खालच्या वळणापर्यंत पोचणारे कान होते, दोन हजार एकशे बारापर्यंतचे आकडे होते.

"हळू," सिस्टर म्हणाली. "हं. आता वळवा. अजून थोडं."

बाईंचा चेहरा भिंतीवरून सुटला, छताखालून फिरला, मिस्त्रीच्या तोंडाजवळून गेला आणि खिडकीशी येऊन टेकला. बाहेर खाली रस्ता दिसत होता, वळणावळणानं पायथ्यापर्यंत, आणि दारात पांढरी गाडी.

"थांबा," बाई म्हणाल्या. "असंच धरा जरा. दिसतंय."

मिस्त्री हलला नाही.